अकरा क्रमांकाची मोजणी

ऑफिसात मला पाठीमागे 'कात्री' म्हणतात आणि तोंडावर मॅडम. मला दोन्ही चालतं. आमचा न्यास ऑटिझमवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना विद्यावेतन देतो. दर वर्षी दीडशेच्या वर अर्ज येतात आणि मिळतं आठ जणांना, म्हणजे बाकीच्यांना कुणीतरी कापायलाच हवं. ते कुणीतरी म्हणजे मी. गाइडची सही नाही, बाद. शेवटच्या तारखेनंतर आला, बाद. पोरं फोनवर रडतात, मी ऐकून घेते आणि नियम वाचून दाखवते. नियम मी केलेले नाहीत, पण पाळायला मला आवडतात, खोटं कशाला बोलू.

लग्न केलं नाही. छाननीत कुणी टिकलं नाही, असं मी सांगते. लोक हसतात आणि पुढचं विचारायचं विसरतात. घरी मी आणि आई, दोघीच. आईचं वय एकोणऐंशी. तिचा डावा पाय जुना दुखरा आहे, ती तो ओढत चालते. एक पाऊल टेकतं, दुसरं घासतं. टक, सर्र. टक, सर्र. डोळे मिटून पडले तरी आई कुठल्या खोलीत आहे ते मला कळतं. लहानपणापासून कळत आलंय.

आमच्याकडे एक पद्धत आहे. अर्ज कुणाचा, गाइड कोण, हे समितीला कळता कामा नये, नाहीतर ओळखीपाळखीचं राजकारण सुरू होतं. म्हणून समितीकडे जाणाऱ्या प्रतीवरची सगळी नावं मी काळ्या मार्करने बुजवते. मूळ अर्ज साहेबांच्या कपाटात, निकालापर्यंत कुलूपबंद. नावं बुजवताना ती वाचायची नाहीत, हे माझं मीच घालून घेतलेलं पथ्य. नजर नावाच्या कडेवर ठेवायची, आत न्यायची नाही. सवयीने जमतं. हजारो नावं बुजवली असतील मी, एकही आठवत नाही.

नावं बुजवून झाली की मी अर्ज वाचते. खरं तर वाचायची गरज नसते, ते समितीचं काम. पण बारा वर्षांत मी एकही अर्ज न वाचता सोडलेला नाही. का, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्याला कामाला लावलं असतं.

त्या दिवशी त्रेसष्ट नंबरचा अर्ज हातात होता. जाडजूड, मागे पुरवण्या जोडलेल्या. एका पुरवणीत कुठल्याशा जुन्या रजिस्टरचं छायाचित्र होतं, त्यावर नावांचा रकाना. मी सवयीने सर्रकन काळं ओढलं, पान उलटलं आणि चहा मागवून वाचायला बसले.

पन्नासेक वर्षांपूर्वी एका निवासगृहात 'मंद' म्हणून ठेवलेल्या मुलांचं बोलणं एका डॉक्टरांनी टेपवर घेऊन ठेवलं होतं. त्यातली बरीच मुलं ऑटिझमची असणार, पण तेव्हा तो शब्द कुणाला ठाऊक होता? चौतीस टेपा विद्यापीठाच्या तळघरात पडून आहेत, वर्षअखेरीस तळघर रिकामं करायचंय आणि मग त्या भंगारात जाणार. विद्यार्थिनीला त्या वाचवायच्या होत्या आणि त्यांवर प्रबंध करायचा होता. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणाऱ्या मुलांच्या बोलण्याला डॉक्टरांनी निरर्थक ठरवलं, पण ते निरर्थक नव्हतं, असं तिचं म्हणणं. नमुन्यादाखल तिने एका मुलीची नोंद जोडली होती. नाव नाही, क्रमांक अकरा, वय सहा.

"दाराचा आवाज झाला की क्रमांक अकरा म्हणते: इथेच थांब. शंभर मोज. मी आलेच. मग मोजू लागते. अडुसष्टनंतर थेट सत्तर म्हणते, एकोणसत्तर प्रत्येक वेळी गाळते, कारण अज्ञात. नव्व्याण्णवला थांबते आणि पुन्हा एकपासून सुरू करते. ती नवव्या टेपमध्ये पहिल्यांदा ऐकू येते, आणि त्या एकाच टेपमध्ये एकदाच शंभर म्हणते. त्यानंतरच्या पंचवीस टेपांत शंभर कधीच नाही."

खाली डॉक्टरांचा जुना शेरा उतरवला होता. निरर्थक बडबड, संख्येचं ज्ञान नाही.

चहा आला, निवला, त्यावर साय धरली. मी त्या पानाकडे बघत होते.

एकोणसत्तर मी गाळायची. मी. नऊ वर्षांची होईपर्यंत माझ्या तोंडून अडुसष्टनंतर सत्तरच यायचं, बाबांनी किती धपाटे घातले तरी. एकोणसत्तर हा आकडा माझ्या लेखी नव्हताच. आणि माझ्या मागे मागे, माझ्या फ्रॉकचं टोक धरून फिरायची माझी धाकटी बहीण. तिला सगळे माझं शेपूटच म्हणायचे. शेपूट घरी एक शब्द बोलली नाही कधी. मी शाळेत निघाले की दारात तिला उभी करायची आणि सांगायची, इथेच थांब, शंभर मोज, मी आलेच. शाळेतून आले तरी ती तिथेच उभी असायची. मग मी तिच्यासमोर बसून शंभर मोजून दाखवायची, एकोणसत्तर गाळून. तिला ते फार आवडायचं. बोलायची नाही, पण माझ्या ओठांकडे अशी बघायची की बस.

मी उठून दार आतून लावलं. रजिस्टरचं पान काढलं, खिडकीच्या काचेवर दाबून धरलं. काळ्याच्या खाली, उन्हात, अक्षरं हळूहळू उमटली. मधोमध बाबांचं नाव होतं. त्याच्याआधी तिचं खरं नाव, जे घरात कुणी वापरलंच नाही. ते मी माझ्या हाताने बुजवलं होतं, न वाचता, मोठ्या ऐटीत. मला स्वतःची किळस आली, अगदी खरी.

आता नियम. माणसाचं जुनं ध्वनिमुद्रण वापरायचं तर त्याची किंवा आईवडील-भावंडांपैकी एकाची लेखी संमती हवी. नसेल तर अर्ज छाननीतच बाद. विद्यार्थिनीने बाकी मुलांच्या नातलगांना शोधून काढलं होतं, सह्या आणल्या होत्या. अकरा क्रमांकापाशी मात्र लिहिलं होतं की रजिस्टरमधल्या पत्त्यावरची चाळ पडून वीस वर्षं झाली, शेजारीपाजारी कुणी उरलेलं नाही, कृपया मुदत वाढवून मिळावी. मुदत आम्ही वाढवत नाही. नकाराचं पत्र मी स्वतःच टाइप केलेलं आहे, नुसती तारीख बदलायची. अर्ज बाद झाला तर टेपा भंगारात, आणि शेपटाचा आवाज त्यांच्याबरोबर. चूप बसले तर सगळं नियमाने होणार होतं, कुणाला संशयही आला नसता.

ती बोलत होती, हेच मला पचत नव्हतं. आमच्या घरात ठरलेलं होतं की ती बोलत नाही, तिला कळत नाही, ती कुणाला ओळखत नाही.

तिला सोडायला गेलो तेव्हा मीही बरोबर होते. निवासगृहाच्या खोलीत ती माझा फ्रॉक सोडेना. बाबा म्हणाले, तुझंच ऐकते ती, तूच सांग. मी सांगितलं. इथेच थांब, शंभर मोज, मी आलेच. तिने लगेच फ्रॉक सोडला. आणि मी फाटकापर्यंत मागे वळून बघितलं नाही. मला कुणी फसवलं नव्हतं. नऊ वर्षांची होते, बोळ्याने दूध पीत नव्हते. आपण परत येणार नाही हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी ते वाक्य म्हटलं. पुढे अकराव्या वर्षी ती तापाने गेली. बाबा एकटे जाऊन आले, आणि घरात तिचा विषय संपला.

आणि म्हणून मी ही नोकरी धरली, म्हणून प्रत्येक अर्ज वाचला. बारा वर्षं शोधत होते, आणि सापडली तेव्हा मी तिच्यावर काळं ओढून बसले होते.

अर्ज पिशवीत घालून मी घरी नेला. हेही नियमाबाहेरच. दुपारचे चार वाजले असतील. आई खिडकीत बसून मटार सोलत होती. मी समोर बसले, पान काढलं आणि वाचून दाखवलं. सगळं नाही. फक्त इथेच थांबपासून शंभरपर्यंतचं.

आईचे हात थांबले. मला वाटलं, म्हणेल, कोणाचं हे? तिने विचारलं नाही. टोपली बाजूला सरकवली.

तेव्हाचं मला इतकंच ठाऊक होतं की शेपटाला निवासगृहात ठेवल्यानंतर महिन्याने, भेटीच्या पहिल्या रविवारी, आई एकटीच गेली होती. मी नवा फ्रॉक घालून तयार होते, तर मला नेलं नाही. संध्याकाळी परत आली आणि म्हणाली, ती कुणालाच ओळखत नाही, आता जायचं नाही. विषय बंद. एकोणपन्नास वर्षं बंद. त्यानंतर मी कधी घरात काही मोजायला लागले, कपडे, वाट्या, काहीही, की आई उठून दुसऱ्या खोलीत जायची. टक, सर्र. मला वाटायचं तिला माझा कंटाळा येतो.

मी विचारलं, "आई, त्या रविवारी काय झालं होतं?"

"दार लोटलेलं होतं," ती म्हणाली. "आत ती मोजत होती. मी बाहेर उभी राहिले. म्हटलं, होऊ दे मोजून, मग जाते आत."

"मग?"

"शंभर म्हणाली. आणि गप्प झाली. वाट बघत होती गं. मला बाहेर कळत होतं, ती दाराकडे बघतेय. माझा हात दाराच्या मुठीवर होता."

"मग गेली का नाहीस?"

आईने माझ्याकडे बघितलं. इतकी म्हातारी ती मला आधी कधी दिसली नव्हती.

"तुझा आवाज होता तो," ती म्हणाली. "अगदी तुझा. घरी मुकी असलेली पोर, आणि तिच्या तोंडात तुझा आवाज. मला वाटलं, दार उघडलं तर आत तू बसलेली असशील. मी घरी कुणाला ठेवून आलेय आणि इथे कुणाला, तेच कळेना. मी पळाले."

मला राग यायला हवा होता. मी रागावण्यात पटाईत आहे. पण त्या क्षणी मला फक्त भीती वाटली, माझ्या स्वतःच्या आवाजाची. म्हणजे एवढी वर्षं मी घरात काहीही बोलले की आईला दाराच्या आतली ती ऐकू येत होती. मी जेवायला हाक मारली तरी, औषध घे म्हटलं तरी.

संमतीचा फॉर्म मी तिच्यासमोर ठेवला. तिने तो माझ्याकडे परत सरकवला आणि म्हणाली, "तू कर. मी दारातून परत फिरले, मला सहीचा हक्क नाही." मी सही केली. नात्याच्या रकान्यात 'थोरली बहीण' लिहिलं. ते दोन शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिले. अक्षर वाकडं आलं, पण मी फॉर्म बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे जाऊन सगळं सांगितलं. अर्ज घरी नेला, तेही सांगितलं. साहेब चांगला माणूस, पण त्यांचाही नाइलाज. नात्यातला अर्ज माझ्या हाताखालून गेला, म्हणजे माझी छाननी बंद. त्यांनी मला तिथल्या तिथे कामावरून बाजूला केलं आणि निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं आवक-जावकला बसवलं. मार्कर त्यांच्या टेबलावर ठेवून मी बाहेर आले. शेजारच्या टेबलावरची पोरगी कुणाला तरी हळूच म्हणाली, कात्रीला कुणी कापलं? मी ऐकलं. एरवी सोडली नसती.

त्रेसष्ट नंबर आठांत आला. माझा त्यात हात नव्हता, समितीला तो अर्ज मनापासून आवडला होता. दोन महिन्यांनी विद्यार्थिनीचा फोन आला. संमतीवरून तिला माझं नाव कळलं होतं, आणि कुठल्या शब्दांत विचारावं ते तिला समजत नव्हतं. मॅडम, तुम्हाला ऐकायचं आहे का, असं तिने तीनदा अडखळत विचारलं. मी म्हटलं, येते.

विद्यापीठाच्या तळमजल्यावर एक लहानशी खोली. भिंतींना स्पंज, एक टेबल, दोन खुर्च्या, चिकटपट्टी लावून जोडलेले हेडफोन. पोरगी किडकिडीत, बाह्या वर सारलेल्या, बोटांना जुन्या टेपांची तपकिरी भुकटी. आमच्या विद्यावेतनावर तिने एक जुनं यंत्र दुरुस्त करून घेतलं होतं. मी तिला अहोजाहो करायचं ठरवून गेले होते, पण दोन मिनिटांत अगंतुगं झालं. टेपा साफ कशा करतात ते तिने मला हौसेने समजावलं. पंख्याची घरघर, खुर्च्यांचे आवाज, पावलं, हा सगळा कचरा काढून टाकायचा, मग उरतं ते नुसतं बोलणं. त्याच साफ प्रतींवर तिचा अभ्यास चालला होता.

मी हेडफोन लावले. तिने दुसऱ्या जोडातून माझ्याबरोबर ऐकायला घेतलं.

आधी नुसतं खरखरलं. मग मी बोलले. म्हणजे ती बोलली. नऊ वर्षांची मी, अगदी कानापाशी. इथेच थांब. शंभर मोज. मी आलेच. आईचं काही चुकलं नव्हतं. मीही पळाले असते. टेबलाची कड धरून बसले म्हणून नाही पळाले. ती मोजत राहिली, अडुसष्ट, सत्तर, एकाहत्तर, आणि नव्व्याण्णवला थांबली. मग क्षणभर पोकळी, आणि पुन्हा एक.

"ही कितवी टेप?" मी विचारलं.

बारावी, ती म्हणाली. मी तिला नववी लावायला सांगितली, आणि साफ केलेली नको, आहे तशी.

नवव्या टेपमध्ये पंखा होता, लांब कुठेतरी भांडी पडत होती. ती मोजत होती, पुढे पुढे जरा भरभर. नव्व्याण्णव. शंभर. मग काही नाही. विद्यार्थिनीने बोटाने दाखवलं, चार मिनिटं. ती चार मिनिटं आम्ही बसून ऐकली. माझी आई त्या चार मिनिटांत दाराच्या पलीकडे उभी होती. ये, मी मनात म्हणत होते, ये ना गं आत, काय होतंय. मग बाहेरून आवाज आला. टक, सर्र. टक, सर्र. लांब लांब जात, विरत गेला.

त्यानंतर खोलीच्या आतून, यंत्राच्या अगदी जवळून, दुसरा आवाज आला. लहान पायाचा. टक, सर्र. टक, सर्र. जमिनीवर एक पाय आपटून दुसरा घासल्यासारखा, पुन्हा पुन्हा, नीट, तोच ताल.

"तो कसला?" मी विचारलं.

ती म्हणाली, बहुतेक खुर्ची. पुढच्या सगळ्या टेपांतही आहे, नव्व्याण्णवनंतर नेमका तिथेच येतो. सॉफ्टवेअर काढून टाकतं.

"लाव," मी म्हटलं. "बारावी लाव, न काढता."

तिने लावली. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव. मग जिथे पोकळी होती तिथे, शंभरच्या जागी, लहान पाय चालला. टक, सर्र. टक, सर्र. आणि पुन्हा एक.

विद्यार्थिनीने पेन खाली ठेवलं. ती हुशार आहे, अर्ध्यावर तिला काहीतरी उमगलं असणार, पण पूर्ण माहीत असणारी जगात मी एकटी होते. मी हेडफोन काढले.

"तो कचरा नाही गं," मी म्हटलं. "ती माझी आई आहे."

मग मला रडू कोसळलं. परक्या पोरीसमोर, स्पंजाच्या खोलीत, ओक्साबोक्शी. तिने पाण्याची बाटली पुढे केली. तिला आता सगळ्या टेपा पहिल्यापासून ऐकाव्या लागतील, असं ती मी निघताना म्हणाली, आणि तिचे दोन महिने वाया गेलेत. मी म्हटलं, गेले तर गेले, मुदतवाढीचा अर्ज कर. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला असं सांगितलं.

घरी आले तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. किल्ली लावली, कुलूप उघडलं, हात दाराच्या मुठीवर ठेवला आणि तशीच उभी राहिले. आतून आई येत होती. टक, सर्र. टक, सर्र. ती कुणाला ओळखत नाही, असं म्हणून हीच बाई एकोणपन्नास वर्षं गप्प बसली. आता तिला सांगायचं होतं की शेपटाने तुला ओळखलं होतं, दार बंद असताना, नुसत्या पावलांवरून. आणि शंभरच्या जागी जन्मभर तुलाच ठेवलं. हे ऐकून आई सुटेल की मोडून पडेल, मला कळत नव्हतं. न सांगणं फार सोपं होतं. आमच्या घराला ते छान जमतं.

आतली पावलं दारापाशी येऊन थांबली. मी दार उघडलं आणि आत गेले.